कुलूप ज्याचं त्याचं

फादर कॉनराड यांच्या डोक्यामागे तेजोवलय होतं आणि त्या तेजोवलयात दादासाहेबांचा कोपर घुसला होता. तळवड्याच्या चौकात सिग्नल लागला म्हणून धम्मरत्नने मोटरसायकल थांबवली, मान वर केली, आणि फ्लेक्स थेट अंगावर आला. ‘हुतात्मा फादर कॉनराड यांच्या पावन स्मृतीस त्रिवार अभिवादन.’ शेजारी, हुतात्म्यापेक्षा थोडे मोठे, हात जोडलेले दादासाहेब; त्यांच्या नावाखाली त्यांचं गेल्या काही वर्षांतलं कायमचं पद, भावी नगरसेवक. तेजोवलय फ्लेक्सवाल्याने कुठल्यातरी महाराजांच्या फाइलमधून उचललं असणार, कारण त्याच्या कडेला अर्धं तुळशीचं पान राहून गेलं होतं. एवढ्याने धम्मरत्नला काही झालं नसतं. या शहरात माणूस मेला की फ्लेक्सवर येतो आणि जिवंत असला तर वाढदिवसालाही येतो, याची नजरेला सवय होती. पण फादरांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं होती. नुसती बोटं. पुढे मनगट नाही, हात नाही, माणूस नाही. फादरांच्या दवाखान्याच्या पत्र्याच्या शेडपुढे सगळे रांगेत उभे होते तो फोटो. त्यातून फादर तेवढे कापून घेताना शेजारच्याची बोटं खांद्यावर राहून गेली होती. मधल्या बोटाच्या नखावर काळा डाग होता. धम्मरत्नने हँडलवरचा स्वतःचा उजवा हात बघितला. डाग होता. सिग्नल कधी सुटला ते त्याला कळलं नाही. मागचा रिक्षावाला शांतपणे म्हणाला, “ओ भाऊ, दर्शन झालं असेल तर प्रसादाला पुढं व्हा.”

त्याने गाडी कडेला घेतली. गुरुवार होता. या पट्ट्यात रविवार देवाचा असेल, सुट्टी गुरुवारची. शेडांची शटरं खाली, आणि रोज जमिनीतून तळव्यांना लागणारी धडधड बंद. अशी शांतता झाली की धम्मरत्नच्या कानात आपोआप शिट्टी सुरू व्हायची. कानाचा डॉक्टर म्हणाला होता, मशीनचा आवाज सोडा. म्हणजे नोकरी सोडा. पण डॉक्टर लोक सभ्य असतात. चिखलीच्या चर्चमध्ये आज सकाळी त्याची साक्ष होती. वसईकडचे एक फादर तुस्कानो चौकशीसाठी येऊन राहिले होते. कॉनराड फादरांना रक्तसाक्षी म्हणायचं की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. निदान ठरवणाऱ्यांना कागद पाठवायचे होते. नियम धम्मरत्नला आधीच समजावून सांगितला होता, एखाद्या सरकारी योजनेची पात्रता समजावतात तसा. माणूस चांगला होता, एवढ्याने भागत नाही. तो मारला गेला, यानेही भागत नाही. मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष असावा लागतो. हे ऐकलं त्या रात्री धम्मरत्नला झोप लागली नव्हती. मारणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्याला पक्कं माहीत होतं. मारणाऱ्याच्या मनात एक टेम्पो होता. गेटवर उभा, इंजिन चालू, अर्धा भरलेला.

आणि फादर? कुठल्याशा बर्फाच्या गावातून ते विशीत बोटीने आले, नगर जिल्ह्यातल्या कोरड्या वाड्यांमध्ये विहिरी खोदवत, पोरांना पाढे शिकवत म्हातारे झाले, आणि मग वरिष्ठांनी त्यांना विश्रांतीसाठी चिखलीला पाठवलं. विश्रांतीसाठी चिखलीला पाठवलेला जगातला हा एकमेव माणूस असावा. गोरा, उंच, खिशाला पेन, आणि तोंडात नगरकडची मराठी, ‘व्हय’ आणि ‘न्हाई’वाली. बोलायला लागले की नवा माणूस आधी मागे वळून बघायचा, बोलतंय कोण. धम्मरत्नच्या आईने, चिमाबाईने, पहिल्याच भेटीत कॉनराडचं कोंडाजी करून टाकलं. “कोंडाजी, बसा. दमलायसा.” ते बसले. मग ते त्या घरापुरते कोंडाजीच राहिले. त्यांना एक खोड होती. भेटेल त्या कामगाराशी ते हात मिळवायचे, आधी उजवा, मग डावा, आणि हात जरा जास्तच वेळ धरून ठेवायचे. लोकांना वाटायचं, परदेशी रीत असेल. ते बोटं चाचपत होते, हे धम्मरत्नच्या फार उशिरा लक्षात आलं. चिखली, तळवडे, चाकण, कुठल्याही शेडमध्ये पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली कुणाचं बोट गेलं की फादर त्याच्याबरोबर हॉस्पिटलच्या रांगेत, मग कचेरीच्या रांगेत, खिशातले शेंगदाणे खात उभे. रांगेत पुढे जायला कुणी जागा दिली तर घ्यायचे नाहीत. “आमी रांगेतलीच मानसं हाओत,” म्हणायचे. धर्मांतराच्या बाबतीत मात्र त्यांची चिखलीतली कामगिरी शून्य होती. चिमाबाईने एकदा तोंडावर विचारलं होतं, “कोंडाजी, आमाला न्हाई का वडत तुमच्यात?” फादर चहा फुंकत म्हणाले, “तुमचं ते काम आधीच उरकलेलं हाय, बाई. आन् माझ्यापेक्षा मोठ्या मानसानं केलंय.” त्यानंतर महिनाभर चिमाबाई ज्याला त्याला सांगत होती, कोंडाजीला अक्कल आहे.

चिमाबाईच्याच ओसरीवर एकदा त्यांनी धम्मरत्नला विचारलं होतं, कंपनीत तुला सगळ्यात चांगलं काय वाटतं? पगार असं उत्तर अपेक्षित असतं. धम्मरत्न तेव्हा ठेकेदारीवर, दादासाहेबांच्या प्रेस-शॉपमध्ये मेंटेनन्सला. तो म्हणाला, कुलूप. मग त्याने समजावून सांगितलं. मोठ्या कंपन्यांत मशीनमध्ये हात घालायच्या आधी माणूस मेन स्विच पाडतो आणि त्याला स्वतःचं कुलूप लावतो. चावी स्वतःच्या खिशात. काम संपेपर्यंत ते कुलूप कुणी काढायचं नाही; सुपरवायझरने नाही, मॅनेजरने नाही, मालकाने नाही. कुलूप म्हणजे आत कुणाचा तरी हात आहे. फादरांनी चहाचा कप खाली ठेवला. “मालकानं बी न्हाई?” “मालकानं पण नाही.” पुढच्या रविवारी म्हणे त्यांनी हे चर्चमध्ये सांगितलं, की साऱ्या शुभवर्तमानाचा अर्थ कंपनीवाल्यांनी एका कुलपात बसवलाय आणि त्यांना पत्ता न्हाई. धम्मरत्नला संकोच वाटला होता. त्याने एक गोष्ट सांगितलीच नव्हती. दादासाहेबांच्या शॉपमध्ये हा नियम भिंतीवर लावलेला होता, तिन्ही भाषांत, पाहुणे येतात तिथे. कुलपं मात्र परमनंट माणसांना होती, आणि परमनंट माणूस तिथे कुणीच नव्हता.

सहा वर्षांपूर्वी, तिथेच प्रेसवर काम करणाऱ्या मिनलची बोटं गेली त्या दुपारी फादर तिला हॉस्पिटलात ठेवून शॉपमध्ये आले. ज्या मशीनने खाल्लं ते मशीन ते नेहमी बघून जायचे. गेटवरच्या माणसाला वाटायचं, म्हातारं आहे, जाऊ दे. ती प्रेस डबल मारत होती, म्हणजे पायडल एकदा दाबलं की दोनदा खाली यायची. धम्मरत्न तिच्या मागे फ्लायव्हीलच्या जड चाकाशेजारी आडवा पडून खांद्यापर्यंत हात आत घालून क्लच उघडायला निघाला होता. “तुजं कुलूप?” फादरांनी विचारलं. धम्मरत्न हसला असावा. फादरांनी झोळीतून दवाखान्याच्या दाराचं पितळी कुलूप काढलं, मेन स्विचच्या दांडीला घातलं, दाबलं, आणि चावी वाकून त्याच्या डाव्या मुठीत दिली. “नियम हाय ना? चावी आतल्या मानसाजवळ. मी हितं हुबा ऱ्हातो.” बाकीच्या प्रेस चालू होत्या. फ्लायव्हीलच्या आऱ्यांमधून धम्मरत्नला एक चौकोन दिसत होता: पितळी कुलूप, फादरांची पाठ. आवाज काही नाही, म्हणजे इतका आवाज की काहीच नाही. त्या चौकोनात दादासाहेब आले. त्यांचे हात हलत होते. फादरांची मान नाही म्हणत होती, मग बोट मागे दाखवत होतं, आत, आत. दादासाहेबांचा विश्वास बसला नाही. बसणार कसा? त्या शॉपमध्ये आत माणूस आहे हे वाक्य पोरं दम खायला वापरायची. तंबाखू मळायची असली की आत माणूस असायचा. दादासाहेबांनी त्यांना बाजूला ओढलं. ते परत आले. गालावर मारलं, चष्मा पडला, तो न उचलता ते परत स्विचला पाठ लावून उभे राहिले. धम्मरत्न ओरडत होता आणि स्वतःलाच ऐकू येत नव्हता. खांदा पट्ट्याच्या जाळीत अडकला होता; तो सोडवता सोडवता त्याने चौकोनात दोन तळहात बघितले, फादरांच्या छातीवर, आणि मग चौकोनात नुसतं कुलूप. जमिनीवर उतरवून ठेवलेल्या लोखंडी डायचा, साच्याचा, कोपरा तिथेच होता; डोकं त्यावर गेलं. मग एक एक करून प्रेस थांबल्या. ती शांतता अजून कानात शिट्टी घालते. तो बाहेर आला तेव्हा दादासाहेब गुडघ्यांवर बसून फादरांचे खिसे तपासत होते. जपमाळ, पेन, शेंगदाणे. “चावी कुठंय? चावी कुठं ठिवली ह्यानं?” धम्मरत्नने डावी मूठ उघडली. दादासाहेब चावीकडे बघत राहिले, आणि मग त्याच्याकडे, जणू तो मेलेल्यातून उठून आला होता.

त्याने पोलिसांत सगळं सांगितलं होतं. हवालदार चांगला होता, त्याला पाणीही दिलं. “तू आत होतास ना? मग बाहेरचं तुला कसं दिसंल?” असं म्हणून त्याने लिहिलं, तेलावरून पाय घसरून. सहा वर्षं तेल हाच आरोपी होता, आणि तेल कुठे पळूनही गेलं नाही. धम्मरत्न तिथेच राहिला. लोक म्हणाले, मालकाने तोंड बंद केलं. त्याने लोकांना म्हणू दिलं. पुढच्याच आठवड्यात तो दादासाहेबांच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, सगळ्यांना कुलपं पाहिजेत. झाडणाऱ्या बाईपासून. लाल कुलपांची खोकी आली. प्रत्येकावर रंगाने नाव. पितळी कुलपाची चावी धम्मरत्नच्या खिशातच राहिली. त्या प्रेसच्या स्विचला हात लावायला मात्र कुणी तयार नव्हतं, कापायला माणूस बोलावला तोही बघून परत गेला. शेवटी शेजारी नवीन पॅनेल बसवून लाइन तिथून घेतली. जुना स्विच भिंतीवर तसाच, पितळी कुलपासकट. दसऱ्याला त्यालाही झेंडूचा हार पडतो. कोण घालतं ते धम्मरत्नने कधी विचारलं नाही.

काल संध्याकाळी दादासाहेबांनी ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं होतं. “बस की रं. च्या घे. उद्या चर्चमधी चाललायस म्हनं.” “बोलावलंय.” “मंग नीट सांग. मी बी सांगून आलोय. भायेरची पोरं व्हती, तोंडाला रुमाल. हा धर्म बाटवतो म्हनत आत घुसली, मारलं, पळाली. तू आऱ्यातनं रुमाल बगितलं, एवडंच सांग.” धम्मरत्न म्हणाला, “कागदावर तर तेल आहे, दादा.” “त्ये तवाचं. तेलावरनं घसरलेला मानूस संत व्हत न्हाई, धम्मा.” हे ते विनोदाने म्हणाले नव्हते. “इचार कर. आळंदीला समाधी हाय, देहूला देऊळ हाय, आन् मधी आपल्याकडं काय? सिग्नल. उद्या परदेशातनं मानसं येतील पाया पडाया. तुज्या फादरचंच नाव व्हईल ना?” मग त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवत ठेवला. “आत मानूस न्हाई आसंच मला वाटलं व्हतं. टेम्पो हुबा व्हता. पोरं रोज खोटं बोलायची. मी काय जीव घ्याया ढकलला व्हय?” “नाही.” “मंग?” “मग तेच सांगा तिथं.” पेपरवेट थांबला. दादासाहेबांचा आवाज उलट मऊ झाला. “तू बोल बाबा, तुजं त्वांड हाय. पर उद्या तू हितं नसशील. तुज्या जागी नवा येईल, त्येला प्रॉडक्शन कळंल. मंग ती कुलपं किती दिवस ऱ्हातील, मला सांग? तुज्या खऱ्यापायी कुनाची तरी बोटं जायची.”

हे वाक्य त्याच्या बरगडीखाली जाऊन बसलं. बाकी सगळ्याला तो तयार होता. मेलेल्या माणसाबद्दल खरं बोलायचं आणि जिवंत माणसांच्या हातावरचं कुलूप काढायचं, हा सौदा फादरांनी केला असता का? तो ऑफिसातून बाहेर आला तेव्हा स्टोअरच्या खिडकीशी मिनल हातमोजे मोजून ठेवत होती. उजव्या हाताला तिची दोन बोटं नाहीत, पण पेन ती त्याच हाताने धरते आणि कुणी बघत राहिलं तर म्हणते, फोटो काढायचाय का? तिला त्याने सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, “धम्मादादा, माझ्या कुलपाची चावी तुमच्याकडे आहे का?” “नाही.” “मग तुम्ही गेलात तर माझं कुलूप कोण काढणार?” तिने हातमोज्यांची थप्पी सरळ केली. “नवा आला आणि म्हणाला काढ, तर त्याला मी भिंतीवरचा बोर्ड वाचायला लावीन. तिन्ही भाषांत आहे, एक तरी येत असेल ना त्याला? दादा, तुम्हाला वाटतंय तुम्ही सगळ्यांची कुलपं सांभाळताय. वॉचमन आहात काय तुम्ही?” ती परत हातमोजे मोजायला लागली, आकडा विसरली म्हणून त्याच्यावरच वैतागली. धम्मरत्नला वाटलं, आपण सहा वर्षं नियम शिकवला आणि शिकलो मात्र आत्ता.

सिग्नल पुन्हा लाल होता. फ्लेक्सवरची बोटं खांद्यावरच होती. सकाळी निघताना चिमाबाईने भाकरी थापता थापता विचारलं होतं, “खरं बोलल्यावर कोंडाजीचं संतपद जाईल का रं?” “जाईल बहुतेक.” “जाऊ दे. त्याला पाया पडलेलं कुठं चालायचं?” मग थोड्या वेळाने, पाठ फिरवूनच, “माजा ल्योक हाय ना हितं हुबा. मला आनि काय पुरावा पायजे?” धम्मरत्नने खिशावर हात ठेवून चावी आहे ना बघितलं, आणि हिरवा दिवा लागल्यावर पहिल्यांदाच या चौकात रिक्षावाल्याला आधी पुढे जाऊ दिलं.

चर्चच्या मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि नाताळचा चांदणीचा कंदील. फादर तुस्कानो थकलेले, भल्या चेहऱ्याचे. शेजारी लॅपटॉप घेऊन सिस्टर जेसिंता. बायबल पुढे केलं गेलं, तेव्हा धम्मरत्न म्हणाला, “मी बौद्ध आहे. नुसतं खरं सांगेन म्हटलं तर चालेल?” “चालेल,” तुस्कानो म्हणाले, “तेच हवंय.” त्याने सांगितलं. कुलूप, चौकोन, तळहात, टेम्पो. सिस्टरची बोटं कळफलकावर चालत होती; तो थांबला की थांबत होती. हवालदाराच्या पेनासारखी ती पुढे पळत नव्हती. तुस्कानोंनी विचारलं, “मारणाऱ्याने धर्माबद्दल काही म्हटलं?” “ऐकू आलं नाही, फादर. प्रेस चालू होत्या.” “म्हणजे म्हटलं असू शकेल?” खोलीत तो प्रश्न पंख्याखाली फिरत राहिला. हो म्हणायला अडचण नव्हती. हो खोटंही ठरलं नसतं. फ्लेक्सवाल्याला तेजोवलय मोठं करता आलं असतं. “दादासाहेबांना मी ओळखतो,” धम्मरत्न म्हणाला. “त्यांच्या शेतात म्हसोबा आहे, ऑफिसात सगळे देव आहेत, नाताळला ते इथे केक पाठवतात. त्यांना कुठल्याच धर्माचा द्वेष नाही. त्यांना थांबलेल्या मशीनचा द्वेष आहे. कुणी रुमालवाले आले नव्हते. दादासाहेबांनी ढकललं. फादर बाजूला झाले असते तर वाचले असते. आत मी होतो म्हणून ते झाले नाहीत.”

तुस्कानोंनी चष्मा काढून पुसला. “असं लिहिलं तर प्रकरण लांबेल, धम्मरत्न. थांबेलही कदाचित. आणि तुम्हाला उद्या त्रास होईल.” “उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, मी जाणार. गेटवर अडवलं तर गेटवर उभा राहीन. उभं कसं राहायचं ते बघितलंय.” तुस्कानोंनी सिस्टरला सांगितलं, “जसं सांगितलं तसंच ठेवा. आणि परत वाचून दाखवा.” सिस्टरने वाचलं. त्यात तेल नव्हतं. धम्मरत्नने सही केली, आणि खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली, त्यांना बघता यावी म्हणून. छोटी, पितळी, दवाखान्याच्या दाराची. सिस्टरने खोलीच्या कोपऱ्यातला लिफाफा ओढला. “ही आम्हाला ठेवून घ्यावी लागेल. पुरावा म्हणून. कदाचित पुढे पवित्र अवशेष म्हणूनसुद्धा.” तिने हात पुढे केला, तेव्हा धम्मरत्नच्या नखावर डाग असलेल्या बोटांनी चावी आधीच उचलली होती. 

“नाही, सिस्टर,” तो म्हणाला. “काम संपेपर्यंत चावी आतल्या माणसाजवळ राहते.”

“आणि काम कधी संपणार?” तुस्कानोंनी विचारलं. त्यांचा आवाज चौकशीचा नव्हता.

धम्मरत्नने चावी डाव्या मुठीत घेतली, मूठ खिशात घातली, आणि खुर्ची जागच्या जागी सरकवून ठेवली. “चालू आहे,” तो म्हणाला.